सेल्फ-वॉटरिंग कुंडीतला टोमॅटो: ओलावा कसा राखायचा

सेल्फ-वॉटरिंग कुंडीत टोमॅटो लावणाऱ्यांच्या दोन तक्रारी ठरलेल्या असतात. टाकी भरलेली असूनही झाड मान टाकते. किंवा झाड हिरवेगार असते, पण पहिल्याच घोसातल्या फळांची बुडे काळी पडतात. दोन्ही वेळा लोक टाकीकडे पाहतात आणि घोळ बहुधा टाकीच्या वर असतो, पाणी आणि मुळे यांच्यामधल्या, मातीऐवजी भरलेल्या २५-३० सेंमी जाडीच्या मिश्रणात. ही कुंडी पाणी साठवते आणि वर चढू देते, एवढेच तिचे काम. ते कुठपर्यंत चढेल आणि त्यासोबत मुळांना हवा उरेल की नाही, हे कुंडी भरतानाच ठरून जाते. म्हणून इथे जास्त जागा बांधणी आणि भरणीला दिली आहे. एकदा ती जमली की रोजचे पाणी फार डोके खात नाही.

कुंडीच्या आत काय चालते

तळाशी पाण्याची टाकी, तिच्यावर छिद्रे असलेली फळी, फळीवर मिश्रण. फळीतून एक-दोन जाळीदार पेले मिश्रणाने भरून खाली पाण्यात सोडलेले असतात. दिव्याच्या वातीत तेल चढते तसे त्यांतून पाणी वर चढते, म्हणून पुढे त्यांना वातच म्हटले आहे. बाजूला पाणी भरायची नळी आणि टाकीच्या भिंतीत ओव्हरफ्लोचे, म्हणजे जादा पाणी बाहेर जाण्याचे, छिद्र. हे छिद्र फळीच्या खाली असते. त्यामुळे टाकी पूर्ण भरली तरी पाण्याची पातळी आणि फळी यांच्यामध्ये हवेचा एक पातळ थर राहतो. हा थर अतिशय महत्त्वाचा आहे. तो गेला की सगळे मिश्रण तळापासून पाण्यात बसते आणि कुंडी म्हणजे डबके होते.

ओलावा सगळीकडे सारखा नसतो आणि तसा असायलाही नको. वात पूर्ण भिजलेली, फळीलगतचे ५-६ सेंमी खूप ओले, मधला मोठा थर वाफशावर आणि सर्वांत वरचे ३-५ सेंमी कोरडसर, ही निरोगी कुंडीची अवस्था. टोमॅटोची बहुतेक मुळे मधल्या थरात पसरतात, कारण तिथे पाणी आणि हवा दोन्ही मिळतात. काही मुळे खाली टाकीतही उतरतात. ती पांढरी, लांब आणि फारशी फाटे नसलेली असतात आणि सतत पाण्यात राहायला सरावलेली असतात. टाकी दोन दिवस कोरडी पडली तर सगळ्यांत आधी मरतात तीच.

मापे आधी, खरेदी नंतर

उंच वाढत राहणाऱ्या जातीच्या एका झाडाला किमान ३० लिटर मिश्रण लागते. बुटक्या, झुडपासारख्या जातीला २० लिटरही चालते. मिश्रणाची खोली फळीपासून वर २५ ते ३० सेंमी ठेवा. कमी खोलीत ओल्या थराचा वाटा वाढतो आणि हवेशीर थर उरत नाही. ३५ सेंमीच्या पुढे गेलात तर कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) मिश्रणात वरपर्यंत पाणी पोचण्याची खात्री राहत नाही.

टाकी किती मोठी हवी हे झाडाच्या भुकेवरून ठरवा. भर फळावर असलेले मोठे झाड साधारण उन्हात दिवसाला १.५ ते ३ लिटर पाणी पिते. कडक ऊन आणि कोरडा वारा एकत्र आले की ४ लिटरही. निदान दोन दिवसांचा साठा हवा, म्हणजे एका झाडामागे ६ ते ८ लिटर.

हिशेबाला ६० सेंमी लांब, ४० सेंमी रुंद आणि ४० सेंमी उंच खोका घेऊ. तळाचे क्षेत्रफळ २,४०० चौरस सेंमी, म्हणजे दर १ सेंमी उंचीला २.४ लिटर. पाणी ८ सेंमी ठेवले तर १९ लिटर होतात; वातीचे पेले आणि फळीचे आधार वजा जाता १६ लिटर उरतात. त्यावर १.५ सेंमी हवेचा थर आणि २५ सेंमी मिश्रण, म्हणजे ६० लिटर. वर चार-पाच सेंमी काठ मोकळा. यात दोन झाडे आरामात बसतात आणि मोठी झाल्यावरही साठा अडीच-तीन दिवस पुरतो. तिसरे झाड कोंबायचा मोह होतोच. कोंबले तर साठा दोन दिवसांवर येतो आणि दाटीत पाने सुकत नाहीत, म्हणून बुरशी वाढते.

एका झाडापुरती कुंडी हवी असेल तर एकात एक बसणाऱ्या २० लिटरच्या दोन बादल्या हा सर्वांत सोपा मार्ग. मात्र दोन्हींच्या बुडांमध्ये ६ सेंमी जागा राहिली तर टाकी जेमतेम साडेतीन लिटरची होते. बुटकी जात त्यात निभते. उंच जातीला उन्हाळ्यात रोज पाणी घालावे लागते आणि मग या कुंडीचा उपयोगच काय?

जोडणी

वातीचे क्षेत्रफळ फळीच्या १० ते १२ टक्के असू द्या. वरच्या खोक्यासाठी १३ सेंमी व्यासाचे दोन जाळीदार पेले पुरतात, बादलीसाठी ९ सेंमीचा एक. वात लहान ठेवली तर भर उन्हात झाड जेवढे ओढते तेवढे पाणी वर येत नाही. खूप मोठी ठेवली तर मिश्रण कायम चिंब राहते. पेल्याच्या भिंतीला आणि बुडाला ४-५ मिमीची भरपूर छिद्रे पाडा. पेला टाकीच्या तळाला टेकलेला हवा. तो वर लटकत राहिला तर शेवटचे दोन-तीन लिटर पाणी कधीच वर येत नाही.

फळीला ६ मिमीची छिद्रे दर ५ सेंमीवर पाडा. ती हवेसाठी आणि वरून पडलेले जादा पाणी खाली जाण्यासाठी असतात. फळीखाली पीव्हीसी पाइपचे तुकडे आधाराला उभे करा, खोक्याला किमान चार आणि मध्ये एक. ओल्या मिश्रणाच्या वजनाने फळी मध्ये वाकली तर हवेचा थर तिथेच संपतो.

भरायच्या नळीसाठी २५ ते ३२ मिमी व्यासाचा पाइप घ्या आणि त्याचे खालचे टोक तिरके कापा. सरळ कापलेला पाइप तळाला चपखल बसतो आणि पाणी आत जात नाही. वरचे तोंड झाकण्याजोगे ठेवा.

ओव्हरफ्लोचे छिद्र ८-१० मिमीचे, फळीच्या तळापासून १.५ सेंमी खाली. मापताना फळीची जाडी विसरू नका. चूक झाली तर नेहमी इथेच होते. छिद्र दर्शनी बाजूला घ्या, म्हणजे पाणी बाहेर आलेले दिसते. नळीचे तोंड आणि हे छिद्र, दोन्हींवर मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा लावा. उबदार हवेत साठलेल्या पाण्यात आठवडा-दहा दिवसांत डासांची पिढी तयार होते.

पातळी पाहण्यासाठी नळीत थर्मोकोलचा गोल तुकडा आणि त्यात खोचलेली बारीक काडी सोडा. टाकी रिकामी असताना आणि ओव्हरफ्लोपर्यंत भरलेली असताना काडीवर खुणा करा. यासाठी विकतची यंत्रणा लागत नाही.

खोका गडद आणि अपारदर्शक असावा. प्रकाश आत गेला की टाकीत शेवाळ धरते. पण काळा खोका उन्हात तापतो आणि पाणी ३० अंश सेल्सिअसच्या वर गेले की त्यात ऑक्सिजन कमी विरघळतो: २० अंशांना लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. कोमट, कमी ऑक्सिजनचे पाणी मूळकुजीला आवडते. उपाय म्हणजे बाहेरून पांढरा रंग किंवा पांढऱ्या कापडाचा वेढा. तेही नसेल तर उन्हाच्या बाजूला दुसरी कुंडी आड ठेवा.

भरण्याआधी खोका कायमच्या जागी नेऊन ठेवा. ६० लिटर ओले मिश्रण आणि १६ लिटर पाणी मिळून ५०-६० किलो होतात, नंतर हलवता येत नाही. जागा सपाट आहे ना, हे पाण्याच्या लेव्हलने पाहा. खोका एका बाजूला २ सेंमी कलला तर खालच्या बाजूला पाणी फळीला लागते आणि वरच्या बाजूची वात लवकर कोरडी पडते. एकाच खोक्यातली दोन झाडे वेगवेगळी वागू लागली की आधी कल तपासा, खत नंतर.

मिश्रण: इथे काटकसर करू नका

बागेतली माती या कुंडीत चालत नाही. चिकणमातीत पाणी वर चढते, पण तिच्यातली सगळी पोकळी पाण्याने भरते आणि मुळांना हवा मिळत नाही. नुसत्या जाड परलाइटमध्ये (फुगवलेल्या खडकाचे हलके पांढरे दाणे) किंवा जाड वाळूत उलट होते: हवा भरपूर, पण पाणी काही सेंमींपेक्षा वर जात नाही. आपल्याला मधले काही हवे.

६० लिटरसाठी हे प्रमाण भरवशाचे आहे: कोकोपीट ३६ लिटर, मध्यम दाण्याचे परलाइट १५ लिटर, चाळलेले आणि पूर्ण कुजलेले कंपोस्ट किंवा गांडूळखत ९ लिटर. कंपोस्ट १५ टक्क्यांच्या फार पुढे नेऊ नका. ते बारीक असते, बसत जाते, मधल्या पोकळ्या बुजवते आणि दोन महिन्यांत मिश्रणाची पातळी ५-६ सेंमी खाली येते. अर्धवट कुजलेले असेल तर सतत ओल्या थरात ते ऑक्सिजन खाते आणि टाकीला वास मारू लागतो.

कोकोपीटमध्ये मुळातच सोडियम आणि पोटॅशियम असते. बाहेर काढलेल्या पाण्याची ईसी (विद्युतवहन, म्हणजे पाण्यातल्या क्षारांचे माप) १ मिलिसीमेन्स प्रति सेंमीच्या खाली येईपर्यंत ते धुवा. मीटर नसेल तर तीन वेळा भिजवून पिळून काढा. नंतर १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट विरघळवून त्यात रात्रभर भिजत ठेवा, निथळा, पुन्हा एकदा साध्या पाण्याने धुवा. कोकोपीटचे कण कॅल्शियम धरून ठेवतात. त्यांची ही भूक आधी भागवली नाही तर ते खतातले कॅल्शियम खातात आणि झाडाच्या वाट्याला कमी येते. यानंतर मिश्रणात डोलोमाइट १०० ग्रॅम आणि जिप्सम ६० ग्रॅम नीट कालवा. कोकोपीटऐवजी पीट मॉस (दलदलीतले कुजलेले शेवाळ) वापरत असाल तर डोलोमाइट २५० ग्रॅमपर्यंत वाढवा, कारण पीट बरेच आम्लधर्मी असते.

भरणी आणि २४ तासांची चाचणी

मिश्रण कोरडे भरू नका. कोरडे पीट पाणी झटकून टाकते. कोकोपीट तेवढे हट्टी नसले तरी कोरड्या मिश्रणात केशाकर्षण, म्हणजे बारीक पोकळ्यांतून पाणी वर चढणे, सुरूच होत नाही. टबमध्ये थोडे थोडे पाणी शिंपडत कालवा. मूठभर घेऊन घट्ट दाबा: दोन-चार थेंब गळाले आणि गोळा टिकला तर बरोबर. धार लागली तर जास्त झाले.

सर्वांत आधी वातीचे पेले भरा आणि बोटांनी घट्ट ठासा. पूर्ण कुंडीत घट्ट ठासण्याची जागा ही एकच. वरचे मिश्रण ८-१० सेंमीच्या थरांनी घाला आणि हाताच्या तळव्याने हलके बसवा. दाबून बसवले तर हवा जाते, अगदी सैल टाकले तर नंतर खचून वातीशी संबंध तुटतो. वात आणि पहिला थर यांच्यामध्ये पोकळी राहता कामा नये. फळीवर कापड किंवा जाळी अंथरली असेल तर ती वातीच्या तोंडावरून कापून काढा. खड्यांचा थर तर अजिबात नको, तो पाण्याचा रस्ताच तोडतो.

आता पहिले पाणी वरून द्या. झारीने सावकाश, पाच-सहा मिनिटांच्या अंतराने तीन-चार वेळा, ओव्हरफ्लोमधून पाणी येईपर्यंत. त्यानंतरच नळीतून टाकी भरायची. थेट नळीने सुरुवात केली तर पाणी वर चढायला कित्येक दिवस लागतात, कधी चढतच नाही.

रोप लावण्याआधी कुंडी २४ तास तशीच ठेवा आणि मग तीन गोष्टी पाहा. बारीक लाकडी काडी १५ सेंमी खोल खुपसून दोन मिनिटांनी काढा: तिला ओलसर कण चिकटलेले हवेत, पण पाण्याची चकाकी नको. वरचा थर ३ सेंमी उकरा: रंग गडद, स्पर्श गार, बोट मात्र ओले होत नाही. शेवटी टाकी पुन्हा भरा आणि किती पाणी मावले ते मोजा. काहीच मावले नाही आणि वरचा थर कोरडा असेल तर वात काम करत नाही. हे आज कळले तर कुंडी उपसून नीट करणे तासाभराचे काम आहे. झाड चार फुटांचे झाल्यावर तेच करता येत नाही.

लागवड ते तोडणी

रोप पहिल्या खऱ्या पानांच्या देठापर्यंत खोल लावा. टोमॅटोच्या पुरलेल्या खोडाला मुळे फुटतात आणि मुळांचा गोळा पाण्याच्या तितकाच जवळ जातो. तरीही पहिले १०-१४ दिवस टाकीवर विसंबू नका. कोवळी मुळे ओल्या थरापर्यंत पोचलेली नसतात. रोज किंवा दिवसाआड खोडाभोवती २००-३०० मिलि पाणी वरून घाला. या काळात टाकीची पातळी खालावत नाही म्हणून घाबरू नका. ती हळूहळू उतरू लागली आणि पालवी जोमाने आली की वरचे पाणी बंद.

नंतर फुले येईपर्यंत टाकीला मुद्दाम थोडा खाडा द्या. रिकामी झाली की अर्धा दिवस तशीच राहू द्या, मग भरा. खालचा थर श्वास घेतो आणि मुळे सगळ्या मिश्रणभर पसरतात. काही जण टाकी कायम काठोकाठ ठेवावी असे सांगतात. मिश्रण उत्तम हवेशीर असेल तर त्यानेही बिघडत नाही, पण वाढीच्या काळात खाडा देण्यात तोटा नाही आणि फायदा बराच आहे.

पहिल्या घोसावर वाटाण्याएवढी फळे दिसली की हा खेळ थांबवा. इथून पुढे टाकी कधीही पूर्ण रिकामी होऊ द्यायची नाही. एक तृतीयांशाच्या खाली जाण्याआधीच भरायची, शक्यतो पहाटे किंवा सकाळी लवकर. सकाळचे पाणी थंड असते आणि दिवसाच्या ओढीच्या आधी वर चढायला वेळ मिळतो.

फळे रंग धरू लागल्यावर टाकी अर्ध्यापर्यंतच भरलेली बरी. पाणी थोडे कमी मिळाले की चव दाट होते. मात्र वरचे घोस अजून कोवळे असतील तर चवीसाठी ताण देऊ नका, त्यांची बुडे काळी पडतील. शेंडा मारून फळांची संख्या ठरवलेली असेल तेव्हाच ही युक्ती वापरावी.

ओव्हरफ्लो असल्यामुळे ही कुंडी आपोआप मापाचे भांडे होते. खाड्याचे दिवस सोडून रोज सकाळी ओव्हरफ्लो येईपर्यंत किती लिटर लागले ते वहीत लिहा. तेवढेच पाणी आदल्या दिवशी खर्च झाले. टाकी अर्धीच ठेवण्याच्या दिवसांत काडीवरच्या अर्ध्या खुणेपर्यंत मोजले तरी हिशेब तोच. आकडा हळूहळू वाढणे ही निरोगी वाढ. हवा बदललेली नसताना तो एकदम निम्म्यावर आला तर मुळांना काहीतरी झाले आहे, आणि पाने हे सांगण्याच्या दोन-तीन दिवस आधी वही सांगते.

आच्छादन, पाऊस आणि हवा

वरचा थर उघडा ठेवला तर टाकीतले पाणी झाडातून जाण्याऐवजी पृष्ठभागावरून उडते आणि मागे क्षार सोडते. वरून पांढरा आणि खालून काळा प्लॅस्टिकचा कागद ताणून बसवा, रोपासाठी ८ सेंमीची फुली कापा. प्लॅस्टिक नको असेल तर वाळलेले गवत किंवा पाने ४-५ सेंमी जाड पसरा, फक्त खोडाला चिकटवू नका.

सततच्या पावसात प्लॅस्टिकचा खरा उपयोग कळतो. उघड्या कुंडीत पाऊस वरून झिरपतो, वाफसा मोडतो आणि खत धुपून जाते. अशा दिवसांत टाकी भरू नका. रिकामी होऊ द्या आणि ओव्हरफ्लोमध्ये माती-मुळे अडकलेली नाहीत ना हे रोज पाहा. बुजलेले ओव्हरफ्लो आणि दोन दिवसांचा पाऊस एकत्र आले तर झाड वाचवणे कठीण जाते.

हवेतला दमटपणा आपल्या हातात फारसा नसतो, पण झाड मोकळे ठेवणे असते. खालची ३० सेंमीतली पाने काढा, बगलफुटी (पान आणि खोड यांच्या बेचक्यातून येणारे फुटवे) दर आठवड्याला मोडा. फार दमट हवेत परागकण चिकट होऊन झडत नाहीत. दुपारच्या आधी आधाराच्या काठीला दोन-तीन टिचक्या मारल्या की परागीभवन होते.

क्षार: हळूहळू साठणारा त्रास

साध्या कुंडीत पाणी वरून खाली जाते आणि क्षार सोबत नेते. इथे उलटे. पाणी वर चढते, उडते, आणि खतातले व पाण्यातले क्षार वरच्या थरात जमत जातात. जड पाणी असेल तर दीड-दोन महिन्यांत पांढरट पापुद्रा दिसू लागतो. तो तिथेच राहिला तर अडचण नाही, पण जोराच्या पावसात किंवा वरून एकदम पाणी घातल्यावर ते सगळे क्षार मुळांपाशी उतरतात आणि पानांच्या कडा करपतात.

म्हणून खत देण्याचा एकच मार्ग निवडा. दाणेदार खत द्यायचे तर लागवडीच्या वेळीच, खोडापासून १५ सेंमी दूर, पृष्ठभागाजवळ एका पट्टीत: ६० लिटरच्या खोक्याला ५ ते ८ टक्के नत्र असलेले संतुलित खत सुमारे ४०० ग्रॅम. ते मिश्रणात कालवू नका, ओलाव्याने हळूहळू विरघळू द्या. द्रवखत द्यायचे तर टाकीतून, पातळ, आणि दर तीन भरण्यांमागे एक भरणी साध्या पाण्याची. पट्टीही घातली आणि टाकीतही खत ओतले की क्षारांचा डोंगर होतो.

पापुद्रा दिसला तर वरचा १-२ सेंमी थर खरवडून टाका आणि ताजे मिश्रण घाला. पानांच्या कडा करपू लागल्या असतील तर कुंडी धुवावी लागते. टाकी रिकामी झाल्यावर ढगाळ दिवशी वरून सावकाश पाणी सोडा, मिश्रणाच्या आकारमानाच्या निदान दीडपट, आणि ओव्हरफ्लोमधून वाहू द्या. शेवटी नळीतून बारीक रबरी पाइप घालून टाकीतले खारे पाणी ओढून काढा. हे न केल्यास तेच क्षार पुन्हा वर चढतील. पिकायला आलेली फळे कुंडी धुण्याआधीच तोडून घ्या; एकदम मिळालेल्या पाण्याने ती तडकतात.

फळांचे बूड काळे पडणे

देठाच्या विरुद्ध टोकाला आधी पाणचट, मग तपकिरी-काळा, चामड्यासारखा खोलगट डाग पडतो. हा रोग नाही, बुरशी नंतर येते. फळाच्या टोकाला कॅल्शियम पोचले नाही म्हणून तिथल्या पेशी कोसळतात. कॅल्शियम पाण्याच्या प्रवाहाबरोबरच वर जाते आणि तो प्रवाह मुख्यतः पानांकडे असतो, फळांना उरलेले मिळते. फळ धरल्यानंतरचे पहिले दोन-तीन आठवडे निर्णायक. त्या काळात एखादा दिवस जरी कुंडी कोरडी पडली तरी डाग पुढे दिसतो, पाणी सुरळीत झाल्यानंतर. त्यामुळे कारण शोधताना आजची टाकी पाहून उपयोग नाही, पंधरा दिवसांपूर्वीचे वहीतले आकडे पाहावे लागतात.

पाणी नियमित असूनही डाग पडत असतील तर तीन शक्यता: क्षार जास्त झाले, अमोनियम किंवा युरियाचे नत्र जास्त पडले, किंवा तळ चिंब राहून मुळे मेली. पानांवर कॅल्शियम फवारून फारसे काही साधत नाही, कारण पानांतले कॅल्शियम फळांकडे वळत नाही. डागाळलेली फळे काढून टाका. पुढचे घोस बहुधा चांगले येतात. लांबट जातींना हा त्रास जास्त होतो, चेरी टोमॅटोला क्वचित.

झाड काय सांगते आहे

दुपारी मान टाकणे आणि संध्याकाळी सावरणे हे कडक उन्हातले नेहमीचे वागणे आहे. लगेच झारी उचलू नका. सकाळीही झाड मलूल असेल तर काडी १५ सेंमी खुपसा. कोरडी आली आणि टाकीत पाणी असेल तर वात तुटली आहे: वरून सावकाश, तीन-चार वेळा पाणी देऊन ओव्हरफ्लोपर्यंत आणा, बहुतेक वेळा संबंध पुन्हा जुळतो. एक-दोन दिवसांत पुन्हा तेच झाले तर वातीतले मिश्रण खचले आहे. बोथट काठीने वातीच्या वर भोक पाडून त्यात चिंब भिजवलेले कोकोपीट ठासून भरा.

काडी चिंब आली आणि झाड तरी मलूल, तर मुळे गुदमरली आहेत. नळीपाशी नाक न्या. सडक्या अंड्यासारखा वास आला तर टाकी पूर्ण उपसा, दोन-तीन दिवस कोरडी ठेवा, आच्छादन बाजूला करा आणि झाडावरचा भार कमी करण्यासाठी मोठी फळे तोडा. पाणी घालून मलूल झाड सुधारेल ही सवयीची समजूत इथे झाडाचा जीव घेते.

खोडाच्या खालच्या भागावर पांढऱ्या बारीक पुळ्या दिसल्या तर त्या मुळांच्या सुरुवाती आहेत. थोड्या असल्या तर निरुपद्रवी, भरपूर असल्या तर तळात ओल जास्त. पानांच्या खालच्या बाजूला पाणचट फोड येणे हेही जादा ओलीचे, विशेषतः ढगाळ, गार दिवसांत. खालची पाने वरच्या अंगाला गुंडाळलेली पण हिरवी आणि कडक असतील तर ऊन, छाटणी किंवा ओल यांपैकी कशाचाही ताण असू शकतो. एवढ्या एका लक्षणावरून काही बदलू नका.

फळांना देठाभोवती गोल किंवा उभ्या चिरा पडल्या तर कोरड्यानंतर एकदम पाणी मिळाले आहे. वरच्या थरावर बारीक काळी चिलटे उडू लागली तर वरचे ३ सेंमी सतत ओले राहत आहेत. वरून पाणी देणे बंद करा आणि टाकी एकदा रिकामी होऊ द्या.

स्वस्त, दोन दांड्यांच्या ओलावामापकावर मात्र भिस्त ठेवू नका. तो विजेचे वहन मोजतो, आणि क्षार साठले की कोरडे मिश्रणही ओले दाखवतो. लाकडी काडी खोटे बोलत नाही.

बाहेरगावी जाताना

वहीतला रोजचा आकडा गुणिले दिवस, त्यातून टाकीची क्षमता वजा करा. उरलेले पाणी कुठून तरी यायला हवे. दोन-तीन दिवसांची तूट असेल तर जाण्याआधी बगलफुटी आणि खालची पाने काढा, पिकू लागलेली फळे तोडा, कुंडीवर सावलीचे कापड ताणा. खर्च बराच उतरतो. त्याहून जास्त दिवसांसाठी शेजारी उंचावर झाकणाचे पिंप ठेवून नळीने टाकीत पाणी सोडा आणि टाकीत छोटा फ्लोट व्हॉल्व्ह (ठरलेल्या पातळीला पाणी आपोआप बंद करणारा तरंगत्या गोळ्याचा नळ) बसवा. व्हॉल्व्हची पातळी ओव्हरफ्लोपेक्षा २-३ सेंमी खाली ठेवा, म्हणजे तो थोडा गळका निघाला तरी लक्षात येण्याआधी पिंप वाहून जाणार नाही आणि पावसाचे पाणी मावायला जागा उरेल. ही जोडणी निघायच्या आदल्या दिवशी करू नका; किमान तीन दिवस चालवून पाहा.

हंगाम संपल्यावर

शेवटची तोडणी झाली की टाकी कोरडी होऊ द्या आणि आठवड्याने झाड मुळासकट ओढा. मुळे तपकिरी, बुळबुळीत किंवा गाठाळलेली असतील तर ते मिश्रण टोमॅटो, वांगी, मिरचीला पुन्हा वापरू नका. पांढरी, घट्ट असतील तर मिश्रण उपसून जाड मुळे चाळून काढा, वरचा ४-५ सेंमी क्षारांचा थर आणि खताची पट्टी टाकून द्या. उरलेल्यात पाचव्या हिश्शाइतके ताजे कोकोपीट आणि परलाइट मिसळा आणि साध्या पाण्याने एकदा धुवा. वातीतले मिश्रण मात्र दर हंगामाला पूर्ण नवे भरा. सर्वांत आधी तेच कुजून बारीक होते, आणि पुढच्या वर्षी झाड दुपारी मान टाकू लागले की संशय सगळीकडे जातो, फक्त तिथे जात नाही. फळी, पेले आणि नळी ब्रशने घासा, ओव्हरफ्लोच्या जाळीतली मुळे काढा आणि खोका उन्हात पालथा घालून ठेवा.